शनिवारची संध्याकाळ

१८९१ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडातल्या ब्लॅकबर्न या गिरणगावाचे नाव एकाच आठवड्यात दोन वेळा साऱ्या देशाच्या तोंडी झाले. गुरुवारी, १९ तारखेला, लंडनच्या अपील न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. एडमंड जॅक्सन नावाच्या गृहस्थाची बायको एमिली त्याच्यापाशी नांदायला तयार नव्हती. क्लिदरो गावी एका रविवारी ती चर्चमधून बाहेर पडत असता त्याने दोघा साथीदारांच्या मदतीने तिला धरले, गाडीत घातले आणि ब्लॅकबर्नला आणून एका घरात कोंडून ठेवले. खालच्या न्यायासनाने नवऱ्याची बाजू उचलून धरली होती. अपील न्यायालयाने मात्र तिला मोकळे केले. बायकोला कोंडून ठेवण्याचा किंवा मारण्याचा नवऱ्याला कायद्याने अधिकार आहे, ही जुनी समजूत त्या दिवशी न्यायमूर्तींनी मोडीत काढली. पुढे दोनच दिवसांनी, शनिवारी २१ तारखेला, ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर नॉट्स काउंटीचा ३ विरुद्ध १ असा पराभव करून फुटबॉल असोसिएशनचा चषक जिंकला.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता, आणि तो कुणी लावलाही नाही. कोर्टकचेरीचे पान वेगळे, खेळाचे पान वेगळे. परंतु याच लँकेशायर परगण्यात, सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर, पोलिसांच्या नोंदवह्या आणि फुटबॉलच्या सामन्यांचे वेळापत्रक ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कुणीतरी बेरीज मांडायला बसले. सामन्याच्या दिवशी घरातली मारझोड वाढते का, हा त्या बेरजेचा विषय. फराळाच्या ताटाबरोबर वाचायला तो जरासा कडू आहे हे कबूल. पण गोष्ट घरातली आहे, तेव्हा ती घरात बसून वाचायलाही हरकत नसावी.

लँकेशायर म्हटले की आपल्या आधीच्या पिढ्यांना एकच गोष्ट आठवे: मँचेस्टरचे कापड. १९०५ साली पुण्यात ज्या विलायती कापडाची होळी झाली, त्यातला बराचसा माल याच मुलखातला. मुंबईच्या गिरणगावातला भोंगा हा तिथल्या भोंग्याचा धाकटा भाऊ. आणि जॅक्सन खटल्याशीही मराठी माणसाचे एक दूरचे नाते आहे. मुंबईच्या रखमाबाईंना १८८७ साली हायकोर्टाने सांगितले होते, की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. नांदायला न येणाऱ्या जोडीदाराला ताब्यात मागण्याचा हा कायदा इकडे इंग्रजांनीच आणलेला. त्यांनी आपल्या देशात त्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. हिंदुस्थानात ती तशीच राहिली होती. तिकडे एमिली जॅक्सन सुटली तेव्हा रखमाबाई लंडनमध्येच होत्या आणि वैद्यकीचा अभ्यास करीत होत्या. ती बातमी वाचून त्यांना काय वाटले असेल, याची आपण नुसती कल्पना करायची.

पण मूळ सूत्राकडे वळू. लँकेशायरात बायकांना होणाऱ्या मारहाणीकडे सुशिक्षित इंग्लंडचे लक्ष वेधले ते फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईने. ही डब्लिनची, अविवाहित, वर्तमानपत्रांत लेखणी चालवून नाव कमावलेली. मुक्या जनावरांवर प्रयोगशाळेत होणाऱ्या छळाविरुद्ध तिने मोठी चळवळ उभारली होती. १८७८ च्या एप्रिलमध्ये तिने एका मासिकात इंग्लंडातल्या बायकांच्या छळावर एक दीर्घ लेख लिहिला. तिची पद्धत साधी होती. वर्तमानपत्रांत येणारी पोलीस कोर्टाची वृत्ते कापून ठेवायची, सरकारी न्यायखात्याचे तक्ते शेजारी घ्यायचे, आणि लोकांनी आजवर विनोदाचा विषय म्हणून जे चघळले ते मोजून दाखवायचे. ‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागायची’ अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्रजांचीही याच जातीची एक म्हण होती; तीत कुत्रा, बायको आणि अक्रोडाचे झाड यांना एकाच माळेत ओवून, जितके झोडपाल तितके ते सुधारतात असा उपदेश केलेला होता. रस्त्यातल्या बाहुल्यांच्या खेळात पंच नावाचा बाहुला आपल्या जूडीला काठीने बडवी आणि भोवतालची पोरे-थोरे पोट धरून हसत. हे हसू कॉबबाईंना बोचत होते.

तिने आणखी एक गोष्ट नोंदवली. मारहाण देशभर सारखी पसरलेली नाही. काही मुलूख तिच्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, आणि उत्तरेकडची दाटीवाटीची कारखान्यांची गावे त्यांत अग्रभागी आहेत. लिव्हरपूलचा एक भाग तर लाथांचा भाग म्हणूनच ओळखला जाई असे ती लिहिते. इथल्या कामकऱ्यांचे जोडे जाड तळव्याचे, खिळे किंवा लोखंडी पट्टी ठोकलेले. अशा जोड्याची लाथ म्हणजे काय, हे कोर्टातल्या साक्षींवरून कळत होते. दारू, दाटीची वस्ती, दारिद्र्य ही कारणे तिने दिलीच. पण बायको ही नवऱ्याची मालमत्ता आहे ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे, असे तिचे ठाम मत होते. लेखाचा परिणाम तत्काळ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात कायदा झाला, की बायकोवर गंभीर हल्ला केल्याबद्दल नवरा दोषी ठरला आणि पुढेही तिच्या जिवाला धोका दिसला, तर मॅजिस्ट्रेटने तिला वेगळे राहण्याची मुभा द्यावी आणि नवऱ्याकडून आठवड्याची पोटगी देववावी. पार्लमेंटने इतक्या तातडीने बायकांचे ऐकल्याची उदाहरणे त्या काळात फार नाहीत.

आता त्याच गावांतली दुसरी हकीकत. १८५० च्या कारखाना कायद्याने असे ठरवले, की गिरण्यांत स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलांना शनिवारी दुपारी २ नंतर कामावर ठेवू नये. मागावर बायकाच अधिक. त्या उठल्या की खाते चालणार कसे? तेव्हा पुरुषांचीही सुटी झाली. शनिवारची दुपार मोकळी मिळणारा कामकरी वर्ग इंग्लंडात प्रथम निर्माण झाला तो इथे. गंमत अशी, की कायदा झाला बायकांच्या कामाच्या तासांसाठी, आणि मोकळी दुपार मिळाली पुरुषांना. बायका गिरणीतून सुटल्या त्या घरकामाला लागल्या. आठवड्याचे धुणे, फरशा, बाजारहाट, सारे त्या अर्ध्या दिवसात उरकायचे. पुरुषांपुढे मात्र प्रश्न पडला, की या वेळेचे करायचे काय? उत्तर म्हणून फुटबॉल आला.

तो खेळ मूळचा बड्या शाळांतल्या साहेबांच्या मुलांचा. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने, ज्यात विणकर आणि हातावर पोट असलेली माणसे होती, ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना चषकाच्या अंतिम सामन्यात २ विरुद्ध १ असे हरवले, आणि खेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे, वाड्यातून चाळीत आला तो कायमचा. ८ सप्टेंबर १८८८ ला फुटबॉल लीगचे सामने सुरू झाले, तेव्हा १२ संघांपैकी ६ एकट्या लँकेशायरचे होते: ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, प्रेस्टन आणि लिव्हरपूलचा एव्हर्टन. कॉबबाईंच्या लेखानंतर १० वर्षांनी, जवळपास त्याच गावांत. शनिवारी भोंगा झाला, पगाराचे पैसे खिशात पडले, की मैदान. मैदानावरून दारूचा गुत्ता. आणि गुत्त्यावरून घर. फुटबॉलने हे गुत्ते भरवले असे नव्हे. खरे पाहता त्या काळचे पुष्कळ भले लोक असेच म्हणत, की दोन तास तरी माणूस गुत्त्याबाहेर राहतो ही खेळाची कृपाच. या म्हणण्यात तथ्य होते हे पुढे दिसेल. पण ते फक्त दोन तासांपुरते होते.

बायकांना या खेळाचे वावडे होते असे मात्र कुणी समजू नये. सुरुवातीला बऱ्याच क्लबांत त्यांना मोफत प्रवेश असे. १८८५ साली ईस्टरच्या सोमवारी प्रेस्टनच्या सामन्याला सुमारे २,००० बायका आल्या आणि तेव्हापासून व्यवस्थापकांनी फुकट प्रवेश बंद केला असे सांगतात. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्याच डिक, कर या कारखान्यातल्या मुलींनी स्वतःचा संघ उभा केला. १९२० च्या नाताळातल्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला ५३,००० माणसे जमली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, तेव्हा क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली. खेळ पुरुषांचा राहिला तो निसर्गनियमाने नव्हे. तसा ठराव लिहून ठेवलेला आहे.

मध्यंतरीच्या काळात सामन्याच्या रात्री घराघरांत काय घडत होते, हे इतिहासकाराला सांगता येत नाही. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडचे ऐकू येत होते, पण त्याची नोंद कुठे व्हायची? पोलीस अशा भांडणांना घरगुती म्हणून हात लावीत नसत. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी या बाईने मार खाऊन घर सोडणाऱ्या बायकांसाठी आसरा उघडला, आणि पाहता पाहता तिथे माणसे मावेनाशी झाली. १९७६ मध्ये नवा कायदा झाला. आसरे वाढले, दूरध्वनीवर मदत देणाऱ्या संस्था आल्या, पोलिसांनी घरगुती हिंसेची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली. मोजणीला आधी नोंदवही लागते. ती अशी तयार झाली.

परंतु सामना आणि मारहाण यांचा संबंध जगापुढे प्रथम मोठ्याने मांडला गेला तो इंग्लंडात नव्हे, अमेरिकेत. आणि तोही चुकीच्या आकड्यानिशी. तिकडचा फुटबॉल निराळा, चेंडू हातात घेऊन धावायचा. त्याचा वर्षातला शेवटचा सामना म्हणजे सुपर बोल. त्या दिवशी सारा देश दूरचित्रवाणीपुढे बसलेला असतो. ३१ जानेवारी १९९३ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथे हा सामना व्हायचा होता. तीन दिवस आधी काही महिला संघटनांनी तिथेच वार्ताहरांना बोलावून सांगितले, की या दिवशी बायकांना होणारी मारहाण ४० टक्क्यांनी वाढते, आणि तसे व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाच्या संशोधनात सिद्ध झाले आहे. बातमी वणव्यासारखी पसरली. सामना दाखवणाऱ्या वाहिनीने मारहाणीविरुद्ध ३० सेकंदांची जाहिरात फुकट दाखवण्याचे कबूल केले. हेतू सगळ्यांचा चांगला होता.

मग वॉशिंग्टन पोस्टचे वार्ताहर केन रिंगल यांनी एक साधी गोष्ट केली, जी आदल्या तीन दिवसांत फारशी कुणी केली नव्हती. त्यांनी ज्यांचे संशोधन म्हणून सांगितले जात होते त्यांनाच विचारले. उत्तर आले, की आम्हाला असे काही आढळलेले नाही. त्या अभ्यासकांनी उत्तर व्हर्जिनियातल्या इस्पितळांत येणाऱ्या जखमी स्त्रियांची संख्या तपासली होती. ती थोडी वाढलेली दिसली होती ती वॉशिंग्टनचा संघ जिंकला त्या दिवसांनंतर. ४० टक्के हा आकडा त्यांचा नव्हताच. सामन्याच्या दिवशी सकाळीच हे पोस्टमध्ये छापून आले.

त्याचे परिणाम काय झाले असतील ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ज्यांना या प्रश्नाची आधीपासूनच अडचण वाटत होती, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले. एक आकडा खोटा, म्हणजे सारेच आकडे खोटे. सामन्याचे खोटे, म्हणजे मारहाणीचेही खोटे. पुढे कित्येक वर्षे, कुणी हा विषय काढला की या फजितीची आठवण करून दिली जाई. इकडे आसऱ्याला येणाऱ्या बायका रविवारी येत होत्या तशा मंगळवारीही येत होत्या. स्वतःची कड घेणाऱ्यांनीच केलेली ही चूक त्यांना फार महाग पडली, असे मला वाटते. कॉबबाईंनी कात्रणे जमवण्यात जी चिकाटी दाखवली होती तिची इथे उणीव पडली.

खरे गणित मांडायला आणखी १८ वर्षे जावी लागली. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. यांपैकी कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये अन्य कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९९५ ते २००६ या काळातल्या ६ संघांचे सामने घेतले आणि त्या त्या संघाच्या मुलखातल्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या. त्यांची युक्ती मोठी हुशारीची आहे. नुसती हारजीत पाहून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. माणसाने काय अपेक्षिले होते तेही कळायला हवे. ते कसे कळावे? तर सट्टेबाजारात सामन्याआधी जो भाव फुटतो त्यावरून. घरचा संघ खात्रीने जिंकणार असा भाव असताना तो हरला, तर बायकांना किंवा प्रेयसींना पुरुषांकडून घरात होणारी मारहाण सुमारे १० टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. सामना अटीतटीचा होणार असे वाटत असताना संघ हरला तर म्हणण्यासारखी वाढ नाही. उलट, हरणार असे वाटत असताना जिंकला तर घटही नाही. जुन्या वैऱ्याकडून हार झाली की वाढ दुप्पट. आणि हे सारे सामना संपण्याच्या आगेमागे, थोड्या वेळात.

४० नव्हे, १०. दर रविवारी नव्हे, अपेक्षाभंगाच्या रविवारी. आकडा लहान झाला, पण तो कुणाला खोडता येईना.

आता परत लँकेशायर. तिथल्या पोलीस खात्यात बरीच वर्षे काढून पुढे लँकेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झालेले स्टुअर्ट कर्बी आणि त्यांचे सहकारी यांनी २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांच्या काळातल्या लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंडचा संघ जिंकला किंवा बरोबरीत राहिला त्या दिवशी घरगुती छळाच्या तक्रारी २६ टक्क्यांनी अधिक. हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी अधिक. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीही ११ टक्क्यांनी अधिक. हा निबंध २०१४ चा. त्यातला ३८ हा आकडा लोकांच्या फार ध्यानात राहिला. २०१८ च्या विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडात एक भित्तिपत्रक गाजले. त्यावर एका स्त्रीचा चेहरा, आणि तोंडावरून ओघळलेल्या रक्ताने इंग्लंडच्या निशाणावरचा लाल क्रूस रेखलेला. इंग्लंडने मार खाल्ला तर तीही मार खाईल, अशा आशयाचा मजकूर. हरणे आणि मार खाणे यांना इंग्रजीत एकच शब्द चालतो. आपल्याकडेही संघाने मार खाल्ला असे आपण सहज म्हणून जातो.

पत्रक पाहून अंगावर काटा येतो यात शंका नाही. पण मघाच्या अमेरिकन फजितीवरून शहाणे झालेल्या वाचकाने इथे थोडे थांबावे. त्या तीन विश्वचषकांत इंग्लंड एकूण १४ सामने खेळले. त्यांत हार म्हणावी असे दिवस तीनच: २००२ मध्ये ब्राझीलकडून, २००६ मध्ये पेनल्टीवर पोर्तुगालकडून, आणि २०१० मध्ये जर्मनीकडून. तीन दिवसांवर उभारलेला ३८ हा आकडा कितपत भार सोसेल? त्याच्या शेजारचा २६ हा मात्र ११ दिवसांवर उभा आहे, आणि मला विचाराल तर सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे. संघ जिंकला त्या रात्रीही मार चुकला नाही.

पण पराभवाची गोष्ट लोकांना अधिक आवडते. का आवडते? मला वाटते, तीत पुरुषाला थोडी दया मिळते. बिचाऱ्याचे मन मोडले, संताप अनावर झाला, हात उगारला गेला. जिंकून आलेल्या माणसाने बायकोला मारले तर त्याला कोणती सबब द्यायची? तेव्हा विजयाचे आकडे मागे पडतात. शहरभर जल्लोष चाललेला असतो आणि त्या गलक्यात एखादी किंकाळी कुणाला ऐकू जात नाही, हे तर आणखीच वेगळे.

पुढचे दोन अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचे आहेत, आणि दोन्ही २०२१ चे आहेत. वॉरिक विद्यापीठाच्या मंडळींनी इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातल्या पोलीस नोंदी घेऊन, ज्या प्रकरणांत दारूचा संबंध नोंदला आहे ती आणि ज्यांत नाही ती, अशी विभागणी केली. विश्वचषकात किंवा युरोपीय स्पर्धेत इंग्लंड जिंकले त्या दिवशी दारू प्यालेल्यांकडून झालेला छळ ४७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दारू नसलेल्या प्रकरणांत वाढच नाही.

दुसरा अभ्यास मँचेस्टरचा. हे शहरही मूळचे लँकेशायरचेच. १९७४ मध्ये वेगळा परगणा झाला एवढेच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी तिथल्या पोलिसांना आलेले ८ वर्षांचे दूरध्वनी तासातासाने तपासले आणि मँचेस्टरच्या दोन्ही मोठ्या संघांच्या सामन्यांच्या वेळांशी ताडून पाहिले. सामना चालू असतो त्या दोन तासांत तक्रारी ५ टक्क्यांनी कमी होतात. माणूस मैदानावर किंवा पडद्यापुढे गुंतलेला असतो तोवर घर शांत. दीडशे वर्षांपूर्वीचे ते भले लोक एवढ्यापुरते खरे बोलत होते. सामना संपला की तक्रारी चढू लागतात आणि सुमारे १० तासांनी त्यांचा कळस होतो. ही सगळी वाढ दारू प्यालेल्या पुरुषांची आहे. आणि ती संध्याकाळी ७ च्या आधी सुरू होणाऱ्या सामन्यांची आहे. उशिराच्या सामन्यांची नाही. निकाल अनपेक्षित लागला की नाही, याने काही फरक पडत नाही.

अमेरिकेतला निष्कर्ष आणि मँचेस्टरचा निष्कर्ष यांचा मेळ बसत नाही हे उघड आहे. तिकडे अपेक्षाभंग, इकडे दारू. तिकडे सामना संपतासंपता, इकडे मध्यरात्र उलटून. खेळ वेगळा, बघण्याची रीत वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. ओढूनताणून एकच सिद्धान्त करण्याचा मोह मी टाळतो. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: लाखो माणसे तोच सामना पाहतात, तोच निकाल ऐकतात, त्यांतली पुष्कळ पितातही, आणि घरी जाऊन जेवून झोपतात. दारूने हात सैल होतो. पण तो नेमका बायकोवरच का पडतो, मालकावर किंवा गुत्तेवाल्यावर का नाही, याचे उत्तर कॉबबाईंनी १८७८ मध्येच दिलेले होते.

आपल्याकडे यासाठी आकडेशास्त्र्यांची वाट कुणी पाहिली नव्हती. १९७२ च्या सुमारास त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा भागात आदिवासी बायका गावोगाव जाऊन दारूचे गुत्ते उद्ध्वस्त करू लागल्या, मडकी फोडू लागल्या. नवऱ्याचा मार हे त्यांच्या चळवळीचे एक मोठे कारण होते. दारू आणि मार यांचा हिशेब त्यांच्या पाठीवर लिहिलेला होता. मडकी फोडून त्या थांबल्या नाहीत, मारणाऱ्या नवऱ्यांनाही त्यांनी चारचौघांत जाब विचारला, हे विशेष.

मँचेस्टरच्या १० तासांचा अर्थ समजायला तिथल्या गुत्त्यांचे वेळापत्रकही पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामकरी झिंगून येऊ नयेत म्हणून सरकारने गुत्ते दुपारी बंद ठेवण्याचा नियम केला. युद्ध संपले, नियम राहिला, तो थेट १९८८ पर्यंत. म्हणजे ७० वर्षे शनिवारी दुपारी ३ चा सामना पाऊणेपाचाला सुटला तरी गुत्त्याचे दार उघडायला थोडी वाट पाहावी लागे. १९८८ मध्ये दिवसभर दारू विकण्याची मुभा मिळाली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, सामने उपग्रह वाहिनीवर गेले, आणि ज्याच्या घरी ती वाहिनी नाही तो गुत्त्यात बसून सामना पाहू लागला. सामन्यांच्या वेळाही वाहिनीच्या सोयीने पसरल्या. शनिवारी दुपारी साडेबारापासून ते रात्रीपर्यंत. सामना आणि पेला यांच्या मधली ती थोडीशी मोकळी जागा निघून गेली.

वेळापत्रकात पोलिसांचाही हात आहे. वैराचे सामने, उदाहरणार्थ ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स यांचे, पुष्कळदा पोलिसांच्या सल्ल्याने भर दुपारी १२ किंवा साडेबाराला ठेवले जातात. हेतू हा, की प्रेक्षक पिऊन मैदानावर येऊ नयेत आणि रस्त्यात दंगा होऊ नये. रस्त्यापुरता हा उपाय लागूही पडतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी त्यांच्या गावापुरते उलट सुचवले आहे: सामने संध्याकाळी उशिरा ठेवा आणि दारूला आळा घाला, म्हणजे या वाढीचा मोठा भाग टळेल. साडेबाराचा सामना अडीचच्या सुमारास संपतो. तिथून १० तास मोजले तर मध्यरात्र उलटून गेलेली असते. रस्ते रिकामे असतात, बंदोबस्ताचे पोलीस घरी गेलेले असतात, आणि ठाण्यातला दूरध्वनी वाजत असतो.